जिना आणि कराचीचा झाडूवाला

महंमद अली जिना धर्मनिरपेक्ष होते की धर्मवादी, ह्या वादात आजवर ढिगानं कागद खर्ची पडलाय. पांढरपेशे विद्वान अजून भांडतायत. एक जण ११ ऑगस्ट १९४७ चं भाषण काढतो, दुसरा २३ मार्च १९४० चा लाहोरचा ठराव काढतो. भांडोत बापडे. मला ह्या खटल्यात एक साक्षीदार उभा करायचाय. कराचीचा झाडूवाला. त्याला कुणी बोलावलेलंच नाही.

मी पाळीवर जाणारा गिरणीकामगार. शाळा सुटली ती सुटली. जे काय वाचलं ते रातपाळीच्या फटीत. त्यामुळं मोठमोठ्या शब्दांपुढं मी लगेच मान तुकवत नाही. धर्मनिरपेक्ष म्हणजे काय, असं आधी विचारतो. नमाज न पढणारा? तसं असेल तर जिना पास. सुटाबुटातला मुंबईचा बॅरिस्टर. १९१६ साली टिळकांवर राजद्रोहाचं बालंट आलं तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात हाच उभा राहिला. उलट देवबंदच्या हुसेन अहमद मदनींसारखा पाच वक्ताचा नमाजी मौलाना पाकिस्तानच्या विरोधात होता. म्हणजे बघा, धार्मिक माणूस धर्माचं राष्ट्र नको म्हणतोय आणि सुटाबुटातला वकील ते मागतोय. एवढ्यावरूनच कळावं की माणसाच्या देव्हाऱ्यात डोकावून राजकारणाचा पत्ता लागत नाही.

जिनांनी धर्म पाळला कितपत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वापरला मात्र नक्की. १९४५-४६ च्या निवडणुकीत पंजाबात लीगनं पीर-सज्जादे प्रचाराला उतरवले, इस्लामच्या नावानं मतं गोळा केली. आणि राष्ट्र पदरात पडल्यावर ११ ऑगस्टला घटना समितीत साहेब म्हणाले की, तुमचा धर्म, जात, पंथ काही असो, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नाही. भाषण चांगलंच होतं. पण जानेवारी १९४८ मध्ये कराचीच्या वकिलांपुढं त्यांनी घटना शरियतच्या आधारानं होईल असं सांगितलं आणि फेब्रुवारीत अमेरिकेसाठीच्या भाषणात हे धर्मगुरूंचं राज्य होणार नाही असं सांगितलं. ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलावं.

त्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीला, १० ऑगस्टला, तात्पुरते अध्यक्ष म्हणून कोण बसले होते? जोगेंद्रनाथ मंडल. बंगालचे नामशूद्र. आपला माणूस. १९४६ साली बाबासाहेबांना मुंबईतून घटना समितीची वाट बंद झाली तेव्हा बंगालातून त्यांना निवडून आणायला धडपडले ते हेच. मंडलांचा हिशोब साधा होता. बंगालातला नामशूद्रही कुळ, मुसलमानही कुळ. दोघांच्या मानेवर जमीनदार-सावकार तोच. मग दोघांनी एकत्र का येऊ नये? ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले.

आता साक्षीदार बोलावू. फाळणी झाली. सिंधमधले शेठ, वकील, मास्तर बोटीत बसून मुंबईकडं निघाले. भंगी मात्र अडवला गेला. त्याचं काम अत्यावश्यक सेवा ठरवलं, कायद्यानं त्याला जखडलं. भारताचे कराचीतले पहिले हायकमिशनर श्रीप्रकाश, जे पुढं आपल्याकडं राज्यपाल होऊन आले, त्यांनी पंतप्रधान लियाकत अलींकडं हा प्रश्न नेला. तेव्हा उलट त्यांनाच विचारणा झाली की हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार? बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून हेच गाऱ्हाणं मांडलं, की घाण उपसायला पाहिजेत म्हणून पाकिस्तान आपल्या लोकांना सोडत नाही. त्याआधी नोव्हेंबरातच त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना निघून या असं जाहीर सांगितलं होतं.

अत्यावश्यक! हा शब्द मला पुस्तकातून कळलेला नाही. माझा चुलता एका नगरपालिकेत झाडूकामाला होता. संपाचा शब्द निघाला की साहेब म्हणायचा, तुम्ही अत्यावश्यक. पगार थकला की मात्र चुलता अत्यावश्यक नसायचा.

तर जिना गव्हर्नर जनरल असताना, ते उदार भाषण होऊन चार महिने झाले नाहीत तोवर, त्यांच्याच राजधानीत हे चाललं होतं. देवळात जायला मोकळीक, झाडू टाकून जायला नाही.

जिना ११ सप्टेंबर १९४८ ला वारले. १२ मार्च १९४९ ला त्यांच्या घटना समितीनं उद्दिष्टांचा ठराव केला आणि सार्वभौमत्व अल्लाच्या नावावर चढवलं. भाषण भाषणाच्या जागी राहिलं. पूर्व बंगालात नामशूद्रांची घरं जळत राहिली. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडलांनी भारतात येऊन राजीनामा दिला, त्यात सगळं सविस्तर मांडलं. १९६८ साली ते वारले, तोवर इथंही त्यांना सत्तेची खुर्ची मिळाली नाही.

त्याच १९४९ सालात, १७ ऑक्टोबरला, आपल्या घटना समितीत कामतांनी सूचना आणली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करा. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली. आणि मसुदा समितीचा अध्यक्ष कोण? जो पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसह धम्म घेणार होता. बाबासाहेबांना धर्म पाहिजे होता, मनापासून पाहिजे होता. पण तो माणसासाठी. राज्यासाठी त्यांनी सतरावं कलम लिहिलं. उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द तर १९७६ साली आला, त्याच्या कितीतरी आधी अस्पृश्यता हा गुन्हा झाला होता.

दोस्तांनो, हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. हल्ली मंडलांचं नाव आपल्याला भ्या दाखवायला वापरतात. बघा, मुसलमानांबरोबर गेला आणि काय झालं! असं म्हणणाऱ्याच्या गावात आपल्याला कोणत्या विहिरीवर पाणी मिळत होतं, ते आधी त्याला विचारा. मंडलांचं कुळा-कुळाच्या एकीचं गणित खोटं नव्हतं. पण ती एकी जपायला कायद्याचं कलम हातात नव्हतं, होता एका पुढाऱ्याचा शब्द. बाबासाहेबसुद्धा १९३९ साली भेंडीबाजारात मुक्तिदिनाच्या सभेला जिनांच्या शेजारी बसले होते. पण १९४३ साली पुण्यात त्याच जिनांच्या अहंकारावर त्यांनी गांधींच्या जोडीनं कोरडे ओढले. व्यासपीठ दिलं, मान दिली नाही.

आणि हीच साक्ष आपल्या देशालाही लावा. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. तरी गटारात माणसं गुदमरून मरतायत, आणि ती कोणत्या जातीची आहेत हे मला सांगायची गरज नाही.

तेव्हा पुढारी देवळात जातो का मशिदीत, ह्या चौकशीत रात्री घालवू नका. आपल्या गावात गटारात कोण उतरतं, तो कायम आहे का कंत्राटी, त्याला ते काम सोडता येतं का, एवढं लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या. जयभीम.