एका दिवसाची कांचीयात्रा

सात मोक्षपुऱ्यांमध्यें दक्षिणापथाच्या वांट्यास एकच पुरी आली आहे, ती कांची. ती पाहण्याची इच्छा आमच्या मनांत पाठशाळेंत होतों तेव्हांपासूनची. परंतु योग आला तो सकाळीं साडेसहाला सुटणाऱ्या व रात्रीं आठाला परत आणून सोडणाऱ्या वातानुकूलित मोटारींतून.

चेन्नईस आमची कन्या असते. गेल्या हिवाळ्यांत तिच्याकडे गेलों असतां आम्हां उभयतांचीं तिकिटें तिनें आधींच काढून ठेविलीं होतीं. कांची व महाबलिपुरम् हीं दोन्ही स्थळें एका दिवसांत. माहिती सांगणारा गाइड बरोबर. न्याहारी व दुपारचें जेवण त्यांतच. चेन्नईहून कांची सुमारें ७५ किलोमीटर, तेथून महाबलिपुरम् सुमारें ६५ आणि तेथून समुद्राच्या कांठाकांठानें चेन्नई सुमारें ५५. असल्या सहलींविषयीं आमचें मत मुळींच अनुकूल नव्हतें. घड्याळ पाहून देवळांत शिरणें व घड्याळ पाहून बाहेर पडणें आम्हांस परीक्षेच्या दालनासारखें वाटतें. पण कबूल केलें पाहिजे कीं, आपलें आपण जावयाचें म्हटलें असतें, तर भाषा येत नाहीं, गुडघे ऐकत नाहींत, या सबबींवर आणखी दहा वर्षें आम्ही घरींच बसलों असतों.

गाइड तिशीच्या आंतला तरुण होता. तमिळ, इंग्रजी व हिंदी या तीन भाषा तो एकाच वाक्यांत गुंफी, आणि गंमत अशी कीं तें वाक्य सर्वांस समजे. मोटार सुटतांच त्यानें बजावलें : कांचीचीं मोठीं देवळें दुपारीं बाराला बंद होतात, तीं चारपर्यंत उघडत नाहींत, वरदराजाचें दर्शन शेवटीं आहे, तेव्हां एकानें उशीर केला तर तीस जणांचें दर्शन चुकेल. हें ऐकून आम्हीं संमतीदर्शक मान हालविली. पस्तीस वर्षें शाळेंत उशिरां येणाऱ्या पोरांस वर्गाबाहेर उभें केलेल्या माणसास हा नियम नवा नव्हता.

आमच्या पलीकडच्या बांकावर ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई व त्यांचा दहाबारा वर्षांचा नातू बसला होता. आम्ही सौभाग्यवतींशीं बोलत होतों तें ऐकून आजीबाई वळल्या आणि चक्क मराठींत म्हणाल्या, “तुम्ही देशाकडले का?” त्या तंजावरच्या मराठी घराण्यांतल्या, लग्नानंतर चेन्नईस आलेल्या. व्यंकोजी राजे तंजावरीं गेले त्यास आतां साडेतीनशें वर्षें होत आलीं, तरी त्या मंडळींनीं घरांत मराठी टिकविली आहे. त्यांचे कांहीं शब्द आम्हांस जुन्या बखरींतलेच भेटले, तर कांहीं तमिळ वळणाचे ओळखतां आले नाहींत. नातू परदेशांतून सुटीस आला होता. त्याला गांव दाखवावा हें निमित्त, पण आजीबाईंचा खरा हेतु निराळा होता. वरदराजाच्या मंदिरांतील अनंतसरस् तीर्थांत औदुंबराच्या लांकडाची विष्णुमूर्ति जलांत ठेवलेली असते व ती चाळीस वर्षांनीं एकदां बाहेर काढितात. १९३९, १९७९ आणि २०१९ असे ते योग. २०१९ सालीं १ जुलैपासून १७ ऑगस्टपर्यंत अठ्ठेचाळीस दिवस अत्तिवरदराचें दर्शन खुलें होतें व लक्षावधि लोक लोटले होते. त्या गर्दींत आजीबाई पांच तास रांगेंत उभ्या राहिल्या आणि घेरी आल्यामुळें मुलानें त्यांस दर्शनावांचून परत नेलें. “तेव्हां राहिलें तें राहिलें,” त्या म्हणाल्या, “वरती वरदराज आहे त्याला तरी एकदां पाहून येतें.”

न्याहारी उरकून सव्वानऊला आम्ही कैलासनाथाच्या देवळाशीं उतरलों. पंचवीस मिनिटें मिळालीं. हें देऊळ कांचींतील उभ्या दगडी देवळांत फार जुनें. पल्लव राजा राजसिंह, म्हणजे दुसरा नरसिंहवर्मा, यानें इ. स. ७०० च्या सुमारास तें बांधलें. वालुकाश्माचें काम, म्हणून तेराशें वर्षांच्या पावसानें पुष्कळ शिल्पें झिजलीं आहेत. प्राकाराच्या आंतल्या बाजूस ५८ लहान देवड्या ओळीनें उभ्या आहेत. कांहींत जुन्या चित्रांचे रंग अजून दिसतात, एखाद्या पुसट चेहऱ्याचे डोळे तेवढे शाबूत. खांबांशीं मागच्या पायांवर उठलेले सिंह. गाभाऱ्यांत सोळा पैलूंचें लिंग आणि त्याभोंवतीं प्रदक्षिणेचा इतका अरुंद मार्ग कीं आंत शिरतांना व बाहेर पडतांना सरपटावें लागतें. सरपटून आला त्यास पुनर्जन्म नाहीं अशी श्रद्धा. आमच्या सौभाग्यवती गुडघ्यांची तक्रार बाहेर ठेवून त्यांतून सरपटल्या. आम्ही गेलों नाहीं. आमचें लक्ष एका खांबाकडे लागलें होतें.

त्या खांबाची हकीगत अशी. बदामीचा चालुक्य सत्याश्रय पुलकेशी, ज्याच्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता, त्याचा पराभव करून पल्लव नरसिंहवर्मा मामल्ल यानें ६४२ सालीं बदामी घेतली. दोन्ही घराण्यांचें वैर पुढें शंभर वर्षें चाललें. अखेर इ. स. ७४० च्या सुमारास दुसरा विक्रमादित्य चालुक्य कांचींत विजयी होऊन शिरला. आतां बदामीचा सूड निघणार असें कोणासही वाटलें असतें. पण त्याच्या पुत्राचा ताम्रपट सांगतो कीं, त्यानें कांचीचा विध्वंस केला नाहीं. ब्राह्मणांस व दीनांस दान दिलें आणि राजसिंहेश्वर, म्हणजे हेंच कैलासनाथाचें देऊळ, व इतर देवळें यांचें सुवर्ण त्यांचें त्यांस परत दिलें. तोच मजकूर त्यानें या देवळाच्या मंडपांतील एका खांबावर कानडींत कोरविला. शत्रूच्या राजधानींत, शत्रूनें बांधलेल्या देवळांत, जेत्याचा लेख. आणि लेखाचा विषय काय, तर आम्ही घेतलें नाहीं!

गोष्ट येथेंच थांबत नाहीं. विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिनें पट्टदकल येथें पतीच्या कांचीविजयाप्रीत्यर्थ विरूपाक्षाचें मंदिर उभविलें, तें या कैलासनाथाच्या धर्तीवर. आणि पुढें राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं वेरूळचा कैलास खोदला गेला, त्यास विरूपाक्षाचा नमुना होता असें जाणते मानितात. वेरूळास आम्ही शाळेच्या पोरांचे तांडे घेऊन सात आठ वेळां तरी गेलों असूं. दर वेळीं तें आपलें म्हणून छाती फुगवून दाखविलें. पण त्याचें आजोळ कांचीस आहे हें पोरांस एकदांही सांगितलें नाहीं, कारण आम्हांसच तें फार उशिरां कळलें.

तो खांब शोधीत आम्ही मंडपांत फिरत होतों, तोंच बाहेरून गाइडची शिटी वाजली. पंचवीस मिनिटें संपलीं.

त्यानंतर एकाम्रेश्वर. इ. स. १५०९ मध्यें कृष्णदेवरायानें उभविलेलें ५९ मीटर उंचीचें गोपुर, लांबच लांब दालनें, पृथ्वीलिंग, आणि पार्वतीनें ज्याच्याखालीं तप केलें तो आम्रवृक्ष. अर्ध्या तासांत जेवढें होतें तेवढें झालें, चांगलें झालें. कामाक्षीचें देऊळ मोटारींतूनच नमस्कारिलें. आजीबाईंनीं मात्र तिकडे पाहून अभिमानानें सांगितलें कीं, इथली सोन्याची बंगारू कामाक्षी आमच्या तंजावरांत आहे !

पावणेअकराला मोटार एका रेशमी साड्यांच्या दुकानापुढें थांबली. येथें पाऊण तास ! तेराशें वर्षांच्या देवळास पंचवीस मिनिटें व दुकानास पंचेचाळीस, हें गणित आम्हीं गाइडपुढें मांडलें. त्यानें आडपडदा ठेविला नाहीं. दुकानाकडून कंपनीस कांहीं मिळतें, म्हणूनच तिकीट एवढ्या थोडक्यांत बसतें, असें त्यानें सांगितलें. असल्या सहलीस जाणारांनीं हें आधींच ध्यानांत धरावें. विणकाम पाहण्यासारखें होतें, यांत शंका नाहीं. खऱ्या कांचीपुरी साडींत अंग व कांठ निरनिराळ्या रंगांचे असले तर तीन धोट्यांनीं विणून एकमेकांत गुंतवितात, त्यासाठीं मागावर दुसरा माणूस लागतो; पदर निराळ्या रंगाचा असला तर त्याचा ताणा अंगाच्या ताण्यास जोडून घेतात. सौभाग्यवती व आजीबाई यांनीं गादीवर बैठक मारली. आम्हीं गाइडला म्हटलें, “अर्ध्या तासांत जाऊन येतों.” त्यानें घड्याळ दाखविलें व एवढेंच म्हटलें, “सर, साडेअकरा.”

ऑटोरिक्षा करून आम्ही पुन्हां कैलासनाथास गेलों. परततांना दुसरी मिळेल म्हणून ती सोडून दिली. ही पहिली चूक. देवळाचा राखणदार खुणेनें समजला व मंडपांत घेऊन गेला. खांबाच्या मागल्या अंगास, अंधुक उजेडांत, तीं अक्षरें दिसलीं. वाचतां आलीं नाहींत. जुनी कानडी लिपि आम्हांस येत नाहीं. तरी हलवेना. ज्याच्या पूर्वजाची राजधानी गेली होती तो माणूस येथें उभा राहून हीं अक्षरें कोरून घेत होता, एवढीच कल्पना मनांत घोळत होती. किती वेळ गेला तें कळलें नाहीं, ही दुसरी चूक. बाहेर आलों तों रस्त्यावर रिक्षा नाहीं. उन्हांतून चालत वळणापर्यंत आलों, तेव्हां एक मिळाली. दुकानाशीं पोंचलों तेव्हां बाराला दहा मिनिटें होतीं. सारे मोटारींत बसलेले. कोणी बोललें नाहीं. तें न बोलणें आम्हीं वर्गाच्या दाराशीं उभ्या केलेल्या कित्येक पोरांस दिलें होतें. घ्यावयाची वेळ पहिलीच.

वाटेंत एक लग्नाची वरात आडवी आली. वरदराजाच्या देवळाशीं उतरून, वहाणा ठेवून आंत जाईपर्यंत बारा वाजून गेले होते. हस्तगिरीवर गाभाऱ्याकडे चढणाऱ्या चोवीस पायऱ्या आहेत; गायत्रीचीं अक्षरें तितक्या. आजीबाईंनीं त्या चढण्यासाठीं सकाळपासून पाय राखून ठेविले होते. पण आंतलें दार लागलें होतें. गाइड पुजाऱ्यांशीं बराच वेळ तमिळांत बोलला. चार वाजतां, एवढेंच उत्तर आलें. चार वाजतां आम्ही महाबलिपुरास असावयाचे होतों.

बाकीचे लोक शतस्तंभी मंडप पाहावयास गेले. विजयनगरच्या काळाचें तें काम, छताच्या कोपऱ्यांशीं एका दगडांतून कोरलेल्या सांखळ्या. सारें डोळ्यांपुढून गेलें, मनांत कांहीं शिरलें नाहीं. आजीबाई अनंतसरसाच्या पायरीवर बसल्या होत्या. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलों व म्हणालों, “आजी, आमच्यामुळें तुमचें दर्शन चुकलें. क्षमा मागावयास तोंड नाहीं.”

त्यांनीं जलमंडपाकडे पाहत विचारिलें, “काय बघायला गेला होता?”

आम्हीं सांगितलें. बदामी, कांची, तो राजा, तें सुवर्ण. वर्गांत जितकें नीट कधीं सांगितलें नव्हतें तितकें सांगितलें, कारण मध्यें थांबण्याचें धैर्य नव्हतें. त्यांनीं सारें ऐकून घेतलें.

“म्हणजे त्यानें ज्याचें होतें त्याला दिलें,” त्या म्हणाल्या. मग हात पुढें केला, तो उठण्यास आधार म्हणून. उठल्यावर म्हणाल्या, “हा पाण्यांतला आतां २०५९ सालीं वर येईल. मी येईन. तुम्हीही या. पण वेळेवर या.” आणि हंसल्या. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

महाबलिपुरास पोंचलों तेव्हां उन्हें कललीं होतीं. ज्या मामल्लानें बदामी घेतली त्याच्याच नांवाचें हें मामल्लपुर. एकेका खडकांतून कोरलेले पांच रथ पाहिले; एकही सर्वांगीं पुरा झालेला नाहीं, तरी द्रौपदीच्या रथाचें गवती छप्पर दगडांत पाहून सौभाग्यवतींस कोंकणांतल्या घराची आठवण झाली. मग तो मोठा शिल्पपट. सुमारें २७ मीटर लांब व ९ मीटर उंच शिला, मध्यें भेग, भेगेंत नाग, दोहों बाजूंस देव, गंधर्व, सिद्ध, हत्ती, हरिणें. एका पायावर उभा हात उंचावलेला तपस्वी कोण, यावर वाद आहे. कोणी अर्जुन म्हणतात, कोणी गंगा आणणारा भगीरथ. आमचा कौल अर्जुनास; तो कांहींसा पक्षपाती आहे, कारण भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पहिला सर्ग आम्हीं छडीच्या धाकानें पाठ केलेला. योगायोग पाहा : पुलकेशीची प्रशस्ति ऐहोळे येथें ६३४ सालीं कोरली गेली, तींत कवि रविकीर्ति आपणांस कालिदास व भारवि यांच्या पंक्तीस बसवितो. राजे एकमेकांचीं नगरें घेत होते, आणि कवि दोन्हीकडे एकच वाचीत होते.

आजीबाईंचा नातू मात्र हत्तींच्या पायाशीं थबकला होता. तेथें एक मांजर त्या तपस्व्यासारखेंच हात उंचावून उभें आहे व भोंवतीं उंदीर आहेत. “हें काय करतें?” त्यानें विचारिलें. आम्हीं महाभारतांतली गोष्ट सांगितली : गंगातीरीं तपाचें सोंग घेऊन बसलेला बोका, त्याच्या शब्दावर विसंबलेले उंदीर, आणि दिवसेंदिवस घटत जाणारी त्यांची संख्या.

“म्हणजे मांजर वर पाहतें तें उगाच?” पोरानें विचारिलें.

“उगाच,” आम्हीं म्हटलें. आजीबाई मागेंच उभ्या होत्या.

शेवटचा थांबा समुद्रतीरावरचें देऊळ. हें त्याच राजसिंहाचें, ज्यानें सकाळचें कैलासनाथ बांधलें. गाइडनें अर्धा तास दिला. खारा वारा, झिजलेले नंदी, दोन शिखरें, मागें लाटा. शिवाचा पूर्वाभिमुख गाभारा पाहिला. दोन शिवालयांच्या मध्यें शेषशायी विष्णु आहे तो पाहावयाचा राहिला. वीस मिनिटें होतांच आम्ही परत फिरलों व मोटारींत जाऊन बसलों. ड्रायव्हर एकटाच होता. त्यानें आश्चर्यानें पाहिलें. शिटी झाली, एकेक मंडळी येऊं लागली. सर्वांच्या शेवटीं, ठरल्या वेळेवर दहा मिनिटें होऊन गेल्यावर, आमच्या सौभाग्यवती व आजीबाई हातांत हात घालून सावकाश आल्या. दोघींनीं तो शेषशायी पाहून घेतला होता.