पाचशे मीटर

सहाव्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टचे विषय वाटताना सर म्हणाले, "मेट्रो स्टेशनभोवतीचे रस्ते चालण्यालायक आहेत का, ते बघा." आम्ही चौघं खूश! ना क्यूब टेस्टिंग, ना सिमेंटने भरलेले हात. नुसतं चालायचं आणि गुण द्यायचे. मेसच्या भाजीला रोज देतोच की!

पद्धत सोपी. स्टेशन मध्यबिंदू धरून नकाशावर ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या टीओडी धोरणात स्टेशनचा प्रभाव ५०० ते ८०० मीटरपर्यंत धरलाय, कारण दहा-बारा मिनिटं माणूस कुरकुर न करता चालतो. मग वर्तुळातल्या प्रत्येक रस्त्याला फूटपाथ, क्रॉसिंग, अडथळे, सोयी, सुरक्षितता असे १ ते ५ गुण. असा निर्देशांक हॉली क्रॅमबेक यांनी २००६ साली मांडला होता. आमच्या सिनियर्सनी तो एक्सेलमध्ये बसवला आणि आम्ही सिनियर्सची एक्सेल उचलली. असो.

स्टेशन ते हॉस्टेल हा तुकडा माझ्या वाट्याला आला. रोजचाच रस्ता. सात मिनिटं लागली, फूटपाथ आहे, दिवे आहेत. दिले ४ गुण आणि झोपलो.

त्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या मॅचमध्ये माझ्या रूम पार्टनरचा पाय गेला. प्लास्टर, दोन कुबड्या. धंतोलीच्या दवाखान्यातून त्याला मेट्रोनेच परत आणलं. स्टेशनात काही त्रास नाही. लिफ्ट आहे, जमीन सपाट, आंधळ्या माणसासाठी पिवळ्या टाइल्स. बाहेर पडलो आणि तो थांबला.

"अबे, हा फूटपाथ हाय का ओटा?"

खरंच ओटा होता. आयआरसी १०३ च्या २०१२ च्या आवृत्तीत कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं लिहिलंय. दोन्ही आकडे मला पाठ होते, परीक्षेत आले होते. पण टेप मी फक्त रुंदीला लावला होता, तोही जिथे रुंदी छान होती तिथे! आता बघतो तर पुढे डीपी, मग उभ्या केलेल्या गाड्या, मग कुणाच्या तरी दुकानात चढणारा सिमेंटचा उतार. दर वेळी खाली रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मी रोज हे उड्या मारत करतो, म्हणून दिसलंच नव्हतं.

क्रॉसिंगला तर मजाच. पुस्तकात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. कुबड्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. अर्ध्यात असतानाच सिग्नल सुटला. मेट्रोच्या खांबाजवळ दोघंही चिकटून उभे, दोन्हीकडून हॉर्न. तो हसत होता, पण त्याचा हात गार पडला होता.

वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल आठवला. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर, म्हणजे बरोब्बर 'पाय'! आणि पायाने चालणारा सगळ्यात खाली.

पलीकडे गेल्यावर तो म्हणाला, "बसू दे ना बे." बसायला जागा एकच, तर्री-पोह्याच्या ठेल्याचा बाक. काकांनी न मागता पाणी दिलं. डोक्यावर ताडपत्री होती. हा ठेला माझ्या शीटमध्ये 'अडथळे' या रकान्यात होता, त्याच्यापायी मी गुण कापले होते! पण त्या अख्ख्या तुकड्यात बाक तोच, सावली तीच. रात्री नवानंतर मुली तिथून जातात तेही ठेल्याचा बल्ब चालू असतो म्हणून, हे आमच्याच ग्रुपमधल्या मुलीने नंतर सांगितलं. ते मी शीटमध्ये कुठे लिहिणार होतो? बरं, हे फेब्रुवारीतलं. मे महिन्यात ४५ अंशांत सावलीला ५ पैकी किती द्यायचे ते नागपूरकरांनीच ठरवावं.

हॉस्टेलच्या गेटवर घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.

रात्री ४ खोडून २ केले. ग्रुप भडकला. सरासरी बिघडली, आलेख परत काढावे लागणार, सबमिशन परवा. "एका पायावरून कन्क्लुजन काढतो का बे?" मुद्दा चूक नव्हता. शेवटी दोन्ही आकडे ठेवले, दोन पायांचा आणि एका पायाचा, आणि ठेला दोन्ही रकान्यांत लिहिला. एक्स्टर्नलनी विचारलं, "एकच वस्तू अडथळाही आणि सोयही कशी?" मी म्हटलं, "सर, तिथे पोहे खाऊन बघा." एक मार्क तिथेच गेला असावा.

प्लास्टर निघाल्यावर पार्टनरने तोच रस्ता सहा मिनिटांत काढला. गेटवर पोचून म्हणतो, "दोन लईच कमी दिले बे तू. तीन तरी द्यायचे."