विटांचें गांव

आमच्या लिहिण्याच्या मेजावर गेल्या दिवाळीपासून एक गांव वसत आहे. त्या गांवाला जागा मिळावी म्हणून आमच्या वह्या, कोश आणि चष्म्याचें घर यांना खिडकीच्या कट्ट्यावर बिऱ्हाड हलवावें लागलें. साठी उलटलेल्या माणसानें मुलांच्या खेळांतल्या विटा रचीत बसावें, हें पाहून शेजारचे स्नेही कांहीं बोलत नाहींत. पण चहा घेतांना आमच्याकडे जरा अधिक ममतेनें पाहतात. अशा प्रसंगीं थोरांचा आधार शोधण्याची मनुष्याला संवय असते, आणि आम्हांलाहि तो सांपडला. एच्. जी. वेल्स यांनीं १९११ सालीं जमिनीवर मांडावयाच्या खेळांवर एक पुस्तकच प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांची चाळिशी केव्हांच उलटली होती.

या विटा मूळच्या डेन्मार्कमधील बिलुंड गांवच्या. ओले कर्क क्रिस्तियानसेन या तेथील सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. त्याच्या कारखान्याचें ‘लेगो’ हें नांव ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून आलें. आज जी वीट मिळते तिची रचना १९५८ सालची. वर गोल उंचवटे आणि पोटांत नळ्या. एक वीट दुसरीवर दाबली कीं घट्ट बसते, आणि मनांत आलें कीं सुटते. चुना नको, माती नको. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक तऱ्हांनीं जोडतां येतात, असा गणितज्ञांचा हिशेब आहे. आमचें गांव तर ३३०४ तुकड्यांचें! चिरंजीवांनीं पेटी आणली तेव्हां ती नातवासाठीं असावी असें आम्ही समजलों. ती आमच्यासाठींच होती.

गांव युरोपांतील मध्ययुगांतलें आहे. त्यांत सराई आहे, सुतारशाळा आहे, चीज करणाऱ्याचें घर आहे, पहाऱ्याचा बुरूज आहे आणि एकंदर आठ माणसें आहेत. लहानपणीं दिवाळींत मातीचा किल्ला करतांना आमचें सारें लक्ष शिखरावरील महाराजांच्या सिंहासनाकडे असे. पायथ्याचें गांव, विहीर, शेतें हें काम कमी मानाचें. तें धाकट्या भावाकडे जाई. या वयांत मात्र सुताराच्या खोलींत करवत नीट टांगण्यांत आमची एक संध्याकाळ गेली, आणि ती वायां गेली असें वाटलें नाहीं.

या घरांच्या भिंतींवर लांकडाचे उभे, आडवे व तिरपे पट्टे दिसतात. ते शोभेचे नव्हेत. तोच घराचा सांगाडा. जर्मनी, इंग्लंड व उत्तर फ्रान्स येथील जुन्या शहरांत अशीं घरें आजहि उभीं आहेत. ओकच्या खांबतुळया उभारावयाच्या आणि मधल्या मोकळ्या जागा कुडानें व मातीनें भरावयाच्या, अशी ती पद्धत. वरचा मजला पुष्कळदां रस्त्यावर पुढें काढलेला असे. असें घर मोजावयाचें तें खणांनीं. हें वाचलें आणि आम्ही थबकलों. कारण आमचा वाडाहि खणांनींच मोजला जाई.

आणखी एक गोष्ट वाचनांत आली. तेथील सुतार सगळा सांगाडा आधीं आपल्या आवारांत जुळवीत, जोडाजोडावर आंकड्यांच्या खुणा कोरीत, मग तो सुटा करून जागेवर नेत आणि खुणेला खूण लावून उभा करीत. जुन्या तुळयांवर त्या खुणा अजून दिसतात. आमच्या पेटींतल्या पिशव्यांवर आंकडे घातलेले होते. ती युक्ति म्हणजे कित्येक शतकांची जुनी!

आमच्या वाड्याच्या तुळयांवर मात्र कोणीं खुणा केल्या नाहींत. पुण्याच्या पेठेंतील तो वाडा आम्हीं २०१४ सालीं विकला. छप्पर गळत होतें, वाटेकरी चार होते, खर्च करावयास कोणी पुढें येत नव्हतें. कारणें सारीं खरीं होतीं. तरी सही करण्याची घाई आमचीच. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, एक पावसाळा थांब.” आम्ही थांबलों नाहीं. जुन्या लांकडाच्या व्यापाऱ्यानें सागवानी तुळया दोन दिवसांत ट्रकमध्यें भरून नेल्या. बंधूंनीं सर्वांच्या शेवटीं सही केली, आणि त्यानंतर लग्नकार्याखेरीज आमचें त्यांचें बोलणें झालें नाहीं.

मार्गशीर्षांत गांव पुरें झालें. नातवाच्या डब्यांतल्या सुट्या विटा घेऊन आम्हीं वेशीबाहेर आपला वाडा मांडावयास घेतला. युरोपांतील गांवाच्या शेजारीं पेठेंतला वाडा, ही विसंगति आम्हांस दिसत होती. पण हात ऐकेना. दिंडीदरवाजा झाला, ओसरी झाली, चौकांत तुळशीवृंदावन आलें. माडीचा जिना करतांना मात्र अडलों. पायऱ्या किती होत्या? नऊ, कीं अकरा? चाळीस वर्षें ज्या जिन्यानें चढउतार केली, त्याचा आंकडा आम्हांला ठाऊक नव्हता.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशीं आम्हीं बंधूंना फोन केला. प्रकृतीची चौकशी झाली, मग कांहीं क्षण कोणीच बोललें नाहीं. शेवटीं आम्हीं एकदम पायऱ्यांचें विचारलें.

“तेरा,” पलीकडून उत्तर आलें. “सातवी हलत असे. अण्णांनीं तिच्याखालीं पाचर मारली होती. तुला कशाला हवें?”

आम्हीं सांगितलें. ते हंसतील असें वाटलें होतें. ते हंसले नाहींत.

“माडीला खिडक्या किती काढल्यास?”

“तीन.”

“चार होत्या, दादा. रस्त्याकडच्या तीनच तुझ्या ध्यानांत राहिल्या. चौथी चौकाकडची, आमच्या खोलीची.”

मोडलेला वाडा परत येत नाहीं आणि केलेली सही पुसतां येत नाहीं, हें कळण्याइतकें आमचें वय झालें आहे. पण माडी आम्हीं त्याच रात्रीं उकलली. या विटांचा तेवढा गुण मोठा. चुकलेलें सोडवून पुन्हां बांधतां येतें. जिना तेरा पायऱ्यांचा झाला आहे. चौथ्या खिडकीची जागा मोकळी ठेवली आहे. ती बंधु येत्या रविवारीं येऊन आपल्या हातानें बसविणार आहेत. तोंपर्यंत मेज रिकामें करण्याचा विषय काढावयाचा नाहीं, असें आमच्या सौभाग्यवतींनीं कबूल केलें आहे.