आमच्या बागेतली वाघाटी

वाघाटी म्हणजे वाघीण नव्हे, बरं का! ती एक रानातली मांजर आहे. अंग करड्या-तपकिरी रंगाचे, त्यावर तांबूस ठिपके. वजन जेमतेम एक-दीड किलो, म्हणजे आपल्या घरच्या मनीपेक्षाही लहान. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्या तीनच देशांत ती सापडते. अंगाने मोठ्या अशा दुसऱ्या एका ठिपकेवाल्या रानमांजरालाही लोक वाघाटीच म्हणतात, पण ती वेगळी.

कुडाळच्या माझ्या मामेभावाकडे संगणकावर प्राणिसंग्रहालयाचा खेळ आहे. त्यात आम्ही ठिपक्यांचे रानमांजर पाळले होते. त्याला भूक लागली की पट्टी लाल होते आणि बटण दाबले की मटण हजर! लपायला झाडी जास्त लावली, तर तिकीट काढून आलेले लोक कुरकुरतात, ‘प्राणी दिसतच नाही.’ झाडी कमी केली की मांजर दुःखी. भाऊ लोकांच्या बाजूचा, मी मांजराच्या. त्यावरून आमचे चांगलेच वाजले.

यंदा फाल्गुनात काजूच्या बागेत आम्ही पातेरा गोळा करत होतो. वडिलांनी जुन्या कवळांचा ढीग उचलला, तर खाली दोन पिल्ले! मुठीएवढी. मी पुढे वाकलो तशी आजी ओरडली, “हात लाव नको रे झिला! तेंची आवस येतली रातीक.” वडिलांनी कवळे होती तशी ठेवली. त्या बाजूचे काम बंद केले. मोत्याला रात्री बांधून ठेवले. तो रात्रभर भुंकत होता, मला झोप नाही.

सकाळी पाहिले तर पिल्ले तिथेच. बारीक आवाजात ओरडत होती. शेजारचे काका म्हणाले, “आवस मेली असतली. माका दी, दूध घालून वाढवतंय.” मलाही वाटले, देऊया. निदान जगतील तरी. पण वडिलांनी वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला.

वनरक्षक आले. ते म्हणाले, “वाघाटी घरात पाळता येत नाही, १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.” त्यांनी आणखी सांगितले, की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघाट्यांची पैदास करण्यासाठी २०१३ साली खास केंद्र सुरू झाले. पण आई असताना पिल्ले तिकडे कशाला न्यायची? जुन्नरकडे ऊस तोडताना अशी पिल्ले सापडतात. ती सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात आणि आई रात्री येऊन नेते. आजीला शाळा नाही, पण तिला हे आधीच ठाऊक होते!

वनरक्षकांनी आमच्याच डालीत पिल्ले घातली आणि डाली ढिगाजवळ ठेवली. मोत्याला त्या रात्री काकांच्या पडवीत बांधले.

पहाटे वडील आणि मी बॅटरी घेऊन गेलो. डालीत एकच पिल्लू होते. वडील हळूच म्हणाले, “मागे फिर. ती हयच खय तरी आसा.”

आम्ही आवाज न करता घरी आलो. ऊन वर आल्यावर काका स्वतःच बघून आले. डाली रिकामी होती.