गिधाडाची मान

मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांना आठवडाभर हस्तकला शिकवली. म्हणजे मी होकार दिला नव्हता, सेक्रेटरींनी परस्पर फलकावर लिहून टाकलं - 'संकटातले प्राणी, कागदकाम, वय ७ ते ११'. निवृत्त मास्तरणीचा वेळ हा सगळ्यांचाच असतो. असो.

वीस मुलं आली. पहिल्याच दिवशी विचारलं, कुणाला काय करायचंय? चौदाजणांना वाघ. काहींना पांडा. एकीला डायनासोर! (तिला म्हटलं, बाळा, तुला जरा उशीर झाला.)

वाघाचे मुखवटे मी शाळेत ढिगाने करून घेतले आहेत. पिवळा कार्डशीट, काळे पट्टे, मागे रबर. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश, भिंतही सजते. पण त्यातून मुलांना वाघाबद्दल नवं काही कळलं असेल असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पट्टे त्यांना आधीच माहीत होते. म्हणून या वेळी म्हटलं, आपण गिधाड करू.

"ईईई!" सगळे एका सुरात.

पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे फोटो नातवाने छापून दिले होते. रद्दी पेपर, गव्हाच्या पिठाची खळ, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, कापूस आणि पोस्टर कलर एवढंच सामान. थर्मोकोल आणायचा नाही हे आधीच बजावलं होतं. बाटलीचं अंग, पेपरची मान, वर कापसाची पिसं. एका मुलाने मानेलाही भरपूर कापूस लावला. फोटोत मान उघडी आहे, पण त्याला ती 'बिचारी' वाटली. मी त्याला चूक म्हटलं नाही. त्याच्या एका हाताला कापूस चिकटवला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही हात लाल रंग कालवलेल्या खळीत मनगटापर्यंत बुडवायला सांगितलं. मग म्हटलं, जा, धुऊन ये. मोकळा हात लगेच स्वच्छ झाला. कापसाचा लगदा काही केल्या निघेना. मेलेल्या जनावराच्या पोटात डोकं घालून जेवणाऱ्याला मानेवर दाट पिसं कशी परवडतील? परत आल्यावर त्याने आपल्या गिधाडाच्या मानेवरचा कापूस स्वतःच ओरबाडून काढला. इतर मुलांनीही काढला. मला काही बोलावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर जोडून खऱ्या मापाचे पंख केले, टोकापासून टोकापर्यंत साधारण सात फूट. ते हॉलच्या दारातून आडवे बाहेर जाईनात तेव्हा कुठे मुलांना हा पक्षी केवढा ते समजलं.

तिसरा दिवस मात्र अवघड गेला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली ही गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. सात वर्षांच्या मुलाला टक्के कसे सांगणार? मोठा कागद पसरला आणि प्रत्येकाला काळ्या रंगात अंगठा बुडवून पन्नास ठसे उमटवायला लावले. वीस मुलांचे मिळून एक हजार. कागद आभाळासारखा भरून गेला. मग पांढरा रंग दिला आणि म्हटलं, आता एक ठेवा, बाकीचे झाका.

आधी मजा वाटली. नंतर भांडण लागलं की उरलेला एक कुणाचा असावा. आणि एक छोटी मुलगी मुसमुसत म्हणाली, "आजी, निदान दोन ठेवा ना. एकट्याला पिल्लू कसं होईल?"

दोन ठेवले. गणित चुकलं तर चुकू दे. जोडीचं वर्षाला अंडंही एकच असतं, हे तिला नंतर सांगितलं.

"पण मेली कशाने?" हा प्रश्न येणारच होता आणि मी त्याचीच धास्ती घेतली होती. कारण २००४ साली सापडलं. दुखण्यावर, सुजेवर गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचत. असं जनावर एक-दोन दिवसांत मेलं तर औषध त्याच्या अंगातच राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि थोड्याच दिवसांत ते मरतं. एका जनावरावर सगळा थवा जेवतो, त्यामुळे औषध दिलेली जनावरं थोडी असली तरी नुकसान प्रचंड होतं. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद कराव्या लागल्या.

हे सांगून थांबता आलं असतं. पण आमच्या तांब्या बैलाचं काय? घरातल्या मोठ्यांना तो आठवत असेल. १९९६-९७ च्या सुमारास तो पायाने अधू झाला, खांदा सुजला. दादाने डॉक्टर बोलावले, इंजेक्शनं दिली. कुठली ते आम्ही विचारलं नाही, तेव्हा कोण विचारत होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी तांब्या गेला. रिवाजाप्रमाणे त्याला ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं. लहानपणी मी त्याच जागी झाडं वाकतील इतकी गिधाडं पाहिलेली. दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. तांब्याच्या वेळी ती आली होती की नाही, खूप ताण दिला तरी आठवत नाही. आणि त्याच वर्षांत मी पाचवीच्या वर्गाला गिधाड म्हणजे घाणेरडा पक्षी असं शिकवत होते.

मुलांना हे सगळं सांगितलं. ती गप्प बसली. मग मानेवरचा कापूस काढणारा तोच मुलगा म्हणाला, "तुमच्या बैलाचं दुखणं थांबलं होतं का?"

हो रे, शेवटच्या दिवशी तो शांत होता. हे मी विसरूनच गेले होते. गुरांच्या दुखण्यावर आता मेलॉक्सिकॅम आहे, त्याने गिधाडांना अपाय होत नाही. तेही सांगितलं, पण तो बैलाचाच विचार करत होता.

शेवटच्या दिवशी ज्याने त्याने आपापलं गिधाड घरी नेलं. त्याच संध्याकाळी पाच परत आली. "बाई, घरात गिधाड नको, अशुभ असतं," एका आईने हसत हसत सांगितलं, पण दारातूनच. जटायूचं नाव काढून पाहिलं, उपयोग झाला नाही.

तेव्हा सध्या माझ्या कपाटावर माझं धरून सहा गिधाडं बसली आहेत. मुलं येता-जाता बघून जातात. कालच एकजण स्टूल घेऊन वर चढला होता. त्याच्या गिधाडाची मान कलली होती, ती पुन्हा चिकटवायला हातात खळीची वाटी घेऊन आला होता.