बटाट्याचं नाव-गाव

कांद्या-बटाट्याच्या वखारीत बटाट्याला गाव असतं, नाव नसतं. ‘हा तळेगाव, हा इंदुरी, तो पलीकडचा आग्र्याचा,’ दिवा पूर्वेचा आमचा वखारवाला गोणीत हात घालत सांगतो आणि गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. तळेगाव म्हटलं की वेफर्स चांगले होणार, एवढा भरवसा आपल्या आयांच्या पिढीपासून चालत आलेला. दिव्यात माणसांचंही असंच. सावंतवाडीची गाडी इथून सुटते, त्यामुळे नवीन ओळख झाली की आडनावाच्या आधी प्रश्न येतो, ‘गाव कुठलं?’

मला मात्र नाव हवं असतं. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत बटाटे लावायचा नाद लागला त्याला बरंचसं हेच कारण. नाहीतर खाडीकाठच्या या खारट, दमट हवेत बटाटा लावणं म्हणजे हौसच. त्याला थंड रात्र लागते. रात्रीचा पारा विशीच्या बराच वर राहिला, तर झाड पाल्यावर माजतं आणि खाली कंद धरायला टाळाटाळ करतं. म्हणून दिवाळी आटोपली की लागण आणि फेब्रुवारी संपायच्या आत काढणी. एवढीच खिडकी आपल्याला मिळते. इथली माती नको म्हणून नर्सरीतली लाल माती, त्यात शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा. पाणी म्हणाल, तर तांदूळ-डाळ धुतलेलं. दिव्यात नळाचं पाणी झाडाला घालताना हात आखडतोच.

ओळख पटवायला सुरुवात कोंबांपासून करावी. पिशवीच्या अंधारात फुटलेले कोंब लांबुळके, पांढुरके, सगळे सारखेच दिसतात. त्यांच्यावरून काही कळत नाही. पण बेण्याचा बटाटा ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवला की कोंब ठेंगणा आणि गुटगुटीत राहतो आणि बुडाशी रंग धरतो. एखाद्याचा तांबूस-जांभळा, एखाद्याचा निळसर, एखादा नुसताच हिरवट. भिंगातून पाहिलं तर बारीक लव दिसते. तीही कुणाला दाट, कुणाला विरळ. मग डोळे पाहायचे. ते बटाट्यावर कसेही विखुरलेले नसतात. देठाकडून शेंड्याकडे ते मळसूत्रासारखे चढत जातात, शेंड्याशी दाटी करतात आणि प्रत्येक डोळ्यावर एक बारीकशी भुवई असते. बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, हे पुस्तकात वाचून पटत नाही. या भुवया बोटाने चाचपल्या की पटतं. त्या पानाच्या खुणा आहेत.

उथळ डोळे, लांबट गोल आकार, पांढुरकी साल, पांढरा गर आणि फूल आलंच तर पांढरं, असं सगळं जुळलं की ‘कुफरी ज्योती’ म्हणायला हरकत नाही. साल आणि गर पिवळसर असेल तर बहुधा ‘पुखराज’. फुलावर फिकट जांभळी झाक आणि अंग थोडं चपटं असेल तर ‘चंद्रमुखी’. लाल, गोलसर, डोळे जरा खोल, तो ‘सिंदुरी’ असू शकतो. पण लाल सालीचे वाण आता इतके आहेत की तिथे मी पैज लावत नाही. पंचाईत अशी की आपल्या हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत झाड फुलायचं म्हटलं तरी रुसतं. ओळखीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा नेमका फुलाचाच.

कुफरी हे सिमल्याजवळचं डोंगरावरचं ठिकाण. तिथल्या लांब दिवसांत आणि थंडीत बटाटा मनापासून फुलतो, हिरव्या टोमॅटोसारखी बारकी फळं धरतो, म्हणून संकराचं काम तिथे चालतं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तिच्या वाणांच्या नावापुढे ‘कुफरी’ लागतं ते या डोंगरामुळे. ज्योती आणि चंद्रमुखी १९६८ च्या, पुखराज १९९८ चा. मधेच १९७२ मध्ये ‘कुफरी लवकर’ नावाचा एक वाण आहे. नावाप्रमाणे झटपट तयार होणारा. त्या सगळ्या हिंदी दागदागिन्यांत हे मराठी नाव दिसलं की मला उगीचच आनंद होतो.

आणि गावाचं म्हणाल, तर तेही सरळ नाही. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो, पण त्याचं बेणं बहुतेक पंजाबातून, जालंधरकडून आलेलं असतं. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबरात मावा ही कीड फारशी नसते. मावाच विषाणू पसरवतो, म्हणून निरोगी बेणं त्या दिवसांत सपाटीवरही करता येतं, हे याच संस्थेने दाखवून दिलं. म्हणजे जन्म कुफरीचा, बालपण जालंधरचं, वाढ पठारावरची आणि शेवटी वाशीच्या बाजारातून दिव्यात. आता सांगा याचं गाव!

चवीवरून ओळखायला जावं, तर शीतगृह घोळ घालतं. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते. तोच वाण, पण भाजी गोड लागते आणि वेफर्स तळताना लालकाळे होतात. ‘या वेळी बटाटा कसला दिलास रे!’ म्हणून आपण वखारवाल्याला बोलतो, तेव्हा बोलणी खाणारा वाण बिचारा निर्दोष असतो. डब्यातून आत्ताच काढलेला, अंगठ्याने साल निघणारा बटाटा उकडून नुसत्या मिठाशी खाल्ला तरच त्याची खरी चव कळते. माझी जाऊ एरवी या डब्यांना ‘पसारा’ म्हणते, पण उकडलेल्या बटाट्याच्या ताटलीपाशी सगळ्यात आधी तीच येते.

सध्या डोक्यात ‘कुफरी सूर्या’ आहे. उष्णता सोसणारा म्हणूनच तयार केलेला वाण. आपल्या हवेला तो बरा जमेल असं वाटतं. वखारीत मागून उपयोग नाही, तिथे सूर्या म्हटलं तर पंखाच दाखवतील. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा कामासाठी पंजाबात जाऊन-येऊन असतो. त्याला म्हटलं, येताना चार-पाच किलो बेणं घेऊन ये.

‘काकी, बटाटे आणायला पंजाब?’

‘हो रे. आणि गोणीवर नाव लिहिलेलं असेल तरच घे.’