सात मात्रांचा बँड

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण. ही नुसती स्टेशनं नाहीत, आमच्या बँडमधली माणसं आहेत. ठाणे बेस वाजवायचा, मी डोंबिवली म्हणजे गिटार, आणि ड्रम्सवर कल्याण. बँडला नाव काही शेवटपर्यंत मिळालं नाही. हॉस्टेलमधून सुट्टीला घरी गेलो की ठाण्यात तासाच्या भाड्याने एक जॅमरूम घ्यायची, एवढंच ठरलेलं. डोंबिवलीला सकाळच्या फास्ट लोकलमध्ये गिटार घेऊन चढून दाखवा, मी तुमची सेमिस्टरभराची जर्नल्स लिहून देतो!

आम्हाला वेड होतं प्रोग्रेसिव्ह रॉकचं. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फुललेला हा प्रकार. गाणी लांबलचक, ताल मध्येच बदलणारे, कधी अख्खा अल्बम म्हणजे एकच गोष्ट. पिंक फ्लॉइडमधले तिघं लंडनला आर्किटेक्चर शिकताना भेटले, हे कळल्यावर तर आम्हाला वाटलं, चला, आपणही लाईनीतच आहोत. त्यांचं १९७३ सालचं 'मनी' बऱ्याच अंशी सातच्या तालात आहे. मला ते मोजताना घाम फुटायचा. कल्याण लहानपणापासून तबला शिकलेला. तो म्हणाला, "अरे, रूपक आहे हा. तीन-दोन-दोन. यात घाबरायचं काय?" त्याने मांडीवर ठेका धरला आणि माझी गिटार पहिल्यांदा समेवर आली.

मग आम्ही आमचं स्वतःचं गाणं बांधलं. मधला सात मात्रांचा तुकडा त्याचा होता.

एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये स्पर्धा होती आणि वेळ कमी. मी त्याला न विचारता तो तुकडा कापला. त्याने "असं नाही वाजवणार" म्हटल्यावर मी दोन दिवसांत दुसरा ड्रमर बसवला. पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, ते सोडा. तो प्रेक्षकांत बसून आमचं गाणं ऐकत होता, हे मला स्टेजवरून दिसलं. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही.

मध्यंतरी पीएल चालू असताना (म्हणजे अभ्यास सोडून सगळं चालू असताना) इंडस क्रीडबद्दल वाचलं. मुंबईचा बँड. १९८४ साली सुरू झाला तेव्हा नाव होतं रॉक मशीन. आधी परदेशी गाणी वाजवायचे, मग स्वतःची लिहू लागले. १९८८ मध्ये पहिला अल्बम, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. १९९० मध्ये दुसरा. तेव्हा आपल्याकडे इंग्रजीत स्वतःचं रॉक गाणं लिहिणं म्हणजे धाडसच. १९९३ मध्ये चांगलं चाललेलं नाव टाकून 'इंडस क्रीड' घेतलं, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम काढला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. गायक उदय बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेला.

२०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. म्हणजे तेरा वर्षं वाजवलं, तेरा वर्षं गप्प. आणि आले ते जुनी हिट गाणी वाजवून टाळ्या घ्यायला नाही. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम काढला, तोही प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी!

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. चला, आपल्याकडेही तेरा वर्षं आहेत, घाई कसली. मग कोण कोण परत आलं ते बघितलं. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. जुन्यातले हे तिघं. बेसवर आणि ड्रम्सवर नवी माणसं.

ड्रम्सवर नवा माणूस. ते वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांच्यात काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. पण थांबलं की सगळे परत येतातच असं नाही, एवढं मला त्या रात्री कळलं.

शनिवारी घरी गेलो आणि डोंबिवलीला उतरायच्या ऐवजी तसाच पुढे कल्याणला गेलो. दार काकूंनी उघडलं. "किती दिवसांनी आलास रे!" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तो बाहेर आला, समोर बसला. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "तुकडा कापायला नको होता. आणि तुला न विचारता तर नकोच होता."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू वाजवतोस अजून?"

"रूममध्ये. हळू."

"सात मोजता येतात?"

मी टीपॉयवर बोटांनी ठेका धरला. तिसऱ्या आवर्तनात चुकलो. तो हसला नाही, पण त्याने माझा हात बाजूला करून स्वतः ठेका धरला.

बँड पुन्हा सुरू झाला का? अजून नाही. "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणालाय. ठाण्यालाही फोन केलाय.

तोवर रेक्टर सरांना नम्र विनंती. रात्री टेबल बडवल्याचा आवाज येतो तो माझ्याच रूममधून. तक्रार बरोबर आहे. फक्त सात मोजून होऊ द्या.